कॅरो-कान: लीगचा अख्खा हंगाम खेळल्यानंतर

आमच्या कार्यालयीन बुद्धिबळ लीगमध्ये एका लढतीत चार पट असतात आणि मी दुसऱ्या पटावर बसते. पावसाळ्यापासून पांढऱ्याने पहिलं प्यादं ई४ वर टाकलं की काळ्याकडून माझं एकच उत्तर आहे, प्यादं सी६, म्हणजेच कॅरो-कान बचाव. नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांसाठी याहून भरवशाचं ओपनिंग मला सापडलेलं नाही.

आधी मी सिसिलियन खेळायचे. ओपनिंग म्हणून ते उत्तमच, पण त्यातल्या नायडॉर्फ प्रकाराला सतत ताजा अभ्यास लागतो. माझा अभ्यास होतो डोंबिवली ते दादर, तोही चौथी सीट मिळाली तर, मोबाइलवर. तेवढ्यात कॅरो-कान बसतं, कारण इथे खेळ्यांच्या पाठांतरापेक्षा प्याद्यांची रचना कळणं महत्त्वाचं. डी५ ला सी६ चा आधार मिळतो आणि फ्रेंच बचावात कोंडला जाणारा पांढऱ्या घरांचा उंट इथे ई६ च्या आधी बाहेर पडतो. होरॅशियो कॅरो आणि मार्कस कान यांनी १८८६ मध्ये या बचावाचं विश्लेषण मांडलं, तेव्हापासून त्याचा गाभा हाच. शिवाय पहिली खेळी डी४ करणाऱ्यांविरुद्ध स्लाव बचाव घेतला की तीच सी६-डी५ ची जोडी पुन्हा कामी येते.

क्लासिकल प्रकारात (घोडा सी३, ई४ वर मारामारी, मग उंट एफ५) एक गोष्ट हाताला सवयीची हवी: घोडा जी३, उंट जी६ नंतर पांढऱ्याचं एच४ आलं की लगेच आपलं एच६. नाहीतर एच५ येऊन उंट अडकतो. उंटाऐवजी घोडा डी७ खेळणाऱ्यांनी वजीर ई२ पाहिला की थांबावं. तिथे दुसरा घोडा एफ६ वर आला तर घोडा डी६ ने मात होते, कारण ई७ चं प्यादं वजिरामुळे जखडलेलं असतं. अर्ध्या तासाच्या घड्याळात हे ठाऊक असणं सोन्यासारखं आहे.

खरी परीक्षा मात्र ३. ई५ ची, म्हणजे पांढरा तिसऱ्या खेळीत ई-प्यादं पुढे ढकलतो त्या प्रकाराची. हौशी खेळाडूंना हे ढकलणं फार आवडतं, मला सर्वाधिक डाव याचेच मिळाले. उंट एफ५, घोडा सी३, ई६, जी४, उंट जी६, घोडा जी-ई२ (जी१ चा घोडा ई२ वर): इथे पांढरा अंगावर येतोय असं वाटतं आणि हात आखडतो. आखडू देऊ नका. सी५ खेळा, मध्य फोडा. जी४ मुळे पांढऱ्याच्याच राजाची बाजू उघडी पडलेली असते, आणि पट खुला झाला की ते जाणवतं. १९६१ च्या परतीच्या जगज्जेतेपद लढतीत ताल ई५ वारंवार खेळला, बोट्विनिकने ती लढत १३-८ अशी जिंकली. पानोव्ह प्रकारात (डी५ वर मारामारी, मग पांढऱ्याचं सी४) डी४ चं एकटं प्यादं रोखायला डी५ वर घोडा बसवला की बरंचसं काम झालं.

आता उणी बाजू. संघाला विजयच हवा असेल आणि समोरचा बरोबरीवर खूश असेल, तर एक्स्चेंज प्रकार (पांढरा डी५ वर प्यादी मारून बदलतो आणि सी४ न ढकलता शांत खेळतो) जीव काढतो. तो निरुपद्रवी आहे असंही नाही. फिशरने १९७० मध्ये बेलग्रेडला पेट्रोसियनला यातच हरवलं. काळ्याने बी५-बी४ असं रेटून पांढऱ्याचं सी३ चं प्यादं खिळखिळं करायचं असतं. योजना छान आहे, पण तिला वेळ लागतो आणि लीगच्या घड्याळात तोच कमी. चटकन गुण हवा असलेल्या दिवशी म्हणूनच मी अजूनही सिसिलियनचा विचार करते.

ज्यांना डाव शेवटाकडे नेऊन जिंकायला आवडतं, हत्तींच्या शेवटात कंटाळा येत नाही, त्यांनी जरूर घ्यावं. चौथ्या पटावरच्या आमच्या सहकाऱ्याला मी पुढच्या हंगामासाठी हेच शिकवतेय, आणि सुरुवात क्लासिकलपासून नाही, ई५ पासून केली आहे.