ढाब्यावरचं ‘काच वाचवणारं’ लिक्विड: पैसे देण्याआधी वाचा

वणी-वरोरा रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला काचेची धास्ती कायमचीच. कोळशाचे ट्रक, गिट्टीचे टिप्पर, वर ताडपत्री असली तर असली. याच धास्तीवर पोट भरणारा एक जण सध्या आमच्या भागात फिरतो आहे. माझी गाडी भाड्याने चालते, म्हणजे त्याच्यासाठी आयतं गिऱ्हाईक.

ढाब्याशेजारी टेबल, त्यावर काचेचा तुकडा, बाजूला निळ्या बाटल्या. “एक डाव लावलं का पाच वर्सं काचेले काही होत नाही, भाऊ. हाना, तुमीच हाना!” असं म्हणून त्याने हातोडी माझ्याच हातात दिली. मी हाणली. काचेवर साधा ओरखडा नाही. सोबत मेव्हणा होता, तो म्हणाला, “भाऊजी, लावून घ्या.” अडीच हजार रुपये रोख गेले आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड हातात आलं. काम काय केलं, तर फडक्याने काच पुसली.

पावसाळ्यात पाणी भराभर ओघळायचं, म्हणून मी खूश होतो. उन्हाळ्यात घुग्घुसजवळ खडा लागला आणि काचेवर छोटा टिचका पडला. कार्डावरचा नंबर लागला, याचंच मला नवल वाटलं. तो आला, “वॉरंटीत मजुरी फुकट, मटेरियलचे सहाशे” म्हणाला आणि टिचक्यात झटपट चिकटणारा गोंद भरून गेला. त्यानंतर फोन बंद.

खरं नुकसान झालं ते या गोंदाने. भर दुपारी तापलेल्या गाडीत एसी लावला आणि टिचक्यातून निघालेला तडा पार कडेपर्यंत गेला. चंद्रपूरच्या काचवाल्याने बघताक्षणी कपाळाला हात लावला. नाण्याएवढा टिचका असेल तर आतली हवा ओढून त्यात पारदर्शक रेझिन भरतात आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याने ते घट्ट करतात. तडा बहुतेक तिथेच थांबतो. पण आत गोंद बसला की रेझिनला शिरायला जागाच उरत नाही. टिचका पडला तर तो धुवायचा नाही, पुसत बसायचं नाही; धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि गाडी दुकानात न्यायची. टिचका ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल किंवा तडा लांब गेला असेल, तर मात्र काच बदलणंच बरं. मला बदलावीच लागली.

मग ती हातोडी? टेबलावरचा तुकडा टफन्ड काचेचा असणार, असं काचवाला म्हणाला. दाराला असते तीच काच. बोथट मार ती आरामात सोसते, टोकदार वस्तूने मात्र तिचा भुगा होतो. समोरची काच वेगळी: साध्या काचेचे दोन थर आणि मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत, पण टोकदार खड्याने टिचते. म्हणजे तो प्रयोग माझ्या काचेचा नव्हताच. बाटलीतलं लिक्विड पाणी ओघळायला ठीक आहे. तो थर इतका पातळ असतो की खडा त्याला जुमानत नाही.

विम्याचंही त्याने खोटंच सांगितलं होतं: “कार्ड दाखवा, कंपनी पैसे देते.” विम्याचा आणि त्या कार्डाचा काहीएक संबंध नाही. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती असेल तर काचेचा एक रुपया मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान भरून देणारी असेल तर काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापत नाहीत, पण सक्तीची कपात आपल्या खिशातून जाते आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही सहसा जाते. तेव्हा क्लेम करण्याआधी हिशेब मांडून बघा.

ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. मी तिथे फोन केला, तर पहिलाच प्रश्न आला: दुकानाचं नाव, पत्ता, बिल? माझ्याकडे नुसता शिक्का होता, आणि त्यावर गावाचं नावसुद्धा नाही. परवा मेव्हण्याला तो मारेगावच्या बाजूला दिसला. आता बाटल्या हिरव्या आहेत म्हणे.