गर्डरवर क्षमता कशाने लिहावी: रंग, स्टिकर की धातूची पट्टी?

शेडमध्ये आडवा आय-बीम (इंग्रजी I आकाराचा लोखंडी गर्डर), त्याच्या खालच्या फ्लँजवर, म्हणजे खालच्या आडव्या भागावर, ट्रॉली आणि ट्रॉलीला चेनपुली, एवढी सोय बहुतेक लहान वर्कशॉपमध्ये असते. त्या गर्डरवर एसडब्ल्यूएल, म्हणजे सुरक्षितपणे उचलता येईल ते वजन, लिहिण्याची रीत कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ ने घालून दिली: वजन आणि ओळखक्रमांक ठळक दिसला पाहिजे, त्याची नोंदवहीत नोंद हवी आणि बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी हवी.

सगळ्यांना आधी सुचतो तो स्टिकर, कारण शिडी लावली की पाच मिनिटांत काम होतं. पण गर्डरवर कटिंग ऑइलचं धुकट आणि ग्राइंडिंगची धूळ बसलेली असते. नीट पुसून, कोरडं करून चिकटवला नाही तर आधी कोपरे सुटतात, मग त्यात धूळ भरते आणि शेवटी लोंबणारा अर्धा आकडा उरतो. वेल्डिंग किंवा भट्टीच्या वर तर स्टिकरचा विचारही करू नका.

स्टेन्सिल आणि एनॅमल रंग हे जुनं काम, पण माझं मत त्याच्याच बाजूचं. पिवळ्या पट्ट्यावर काळा आकडा, वेबच्या (गर्डरच्या मधल्या उभ्या भागाच्या) दोन्ही बाजूंना. चेन ओढणारा माणूस खाली उभा असतो, त्याला तिथून मान वर करून वाचता आलं पाहिजे. पाच-सहा मीटर उंचीला चार इंची आकडे बरे. दोष एकच: शेड रंगवायला आलेला पेंटर त्यावरूनही हात फिरवतो.

पट्टीचं उलट. स्टीलच्या पट्टीवर कोरलेला ओळखक्रमांक वर्षानुवर्षं टिकतो, ऑडिटरही खूश. पण खालून ती वाचायला दुर्बीण लागेल. आणि ती बसवायची कुठे, इथे खरी गडबड होते. खालच्या फ्लँजला भोक पाडू नका. दोन आधारांवरचा गर्डर वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण मधोमध तिथेच येतो, शिवाय ट्रॉलीची चाकंही त्याच फ्लँजवरून फिरतात. वेबच्या मध्यावर, आधाराजवळ, चिकटवून बसवावी. छिद्र किंवा वेल्डिंग करायचंच तर आधी डिझाइन करणाऱ्याला विचारा. पंचने फ्लँजवर थेट ठोकून आकडा उमटवणं हा पर्याय मी धरतच नाही.

आकड्याबद्दलही जरा थांबा. '१.५ टन' मधला बिंदू झिजला की तो '१५ टन' होतो. म्हणून '१५०० किलो' लिहा. आणि दोन टनाची नवी चेनपुली आणली म्हणून गर्डर दोन टनाचा होत नाही. गर्डर, ट्रॉली, चेनपुली यांत जो सगळ्यात कमी, तोच आकडा वर चढतो. चेनपुली आणि ट्रॉलीचं स्वतःचं वजनही गर्डरच्याच डोक्यावर असतं, हे हिशेबात विसरलं जातं.

एकच गर्डर असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर रंग पुरेसा. सारखे दिसणारे चार-पाच गर्डर असतील तर रंगाने आकडा आणि पट्टीवर ओळखक्रमांक, दोन्ही करा. नाहीतर तपासणीचा दाखला एकाचा आणि वजन दुसऱ्यावर, असं होतं. जुन्या, कागदपत्रं हरवलेल्या गर्डरवर मात्र इंजिनिअरने हिशेब करून देईपर्यंत कोणताच आकडा लिहू नका आणि चेनपुलीला कुलूप घाला.