एचटीबी की केक: दुरुस्तीच्या अंगाने तुलना

दादरमधील एका सीएच्या कार्यालयात बारा संगणकांपुढे राउटर म्हणून एक जुना लिनक्स डेस्कटॉप आहे आणि इंटरनेटची जोडणी पीपीपीओईची (नाव-पासवर्ड देऊन सेवादात्याशी जोडण्याच्या पद्धतीची) आहे. संध्याकाळी स्कॅन केलेल्या फायली क्लाउडवर चढू लागल्या, की व्हिडिओ कॉलवरचा आवाज तुटत असे. अशा ठिकाणी ट्रॅफिक शेपिंगसाठी, म्हणजे वाहतुकीला आपणच मर्यादा घालून रांग ताब्यात ठेवण्यासाठी, लिनक्समधील एचटीबी ही व्यवस्था घ्यावी की केक ही, हे वेगावरून न ठरवता चूक किती लवकर सापडते यावरून ठरवावे, असे माझे मत आहे.

एचटीबी चुकीची मांडणीही मुकाट्याने स्वीकारते. अपलोडचा वेग ४० मेगाबिट असल्याने मी मर्यादा ३६ ठेवली, परंतु एकक ‘एमबिट’ऐवजी ‘एमबीपीएस’ लिहिले. ही मांडणी ज्या आज्ञेने करतात त्या टीसीच्या लेखी त्याचा अर्थ सेकंदाला मेगाबाइट असा होतो, त्यामुळे प्रत्यक्षात मर्यादा २८८ मेगाबिटची झाली. कसलाही इशारा आला नाही. आकडेवारीतील ‘ओव्हरलिमिट्स’ (मर्यादेमुळे पॅकेट थोपवल्याची मोजणी) मात्र भर अपलोडमध्येही शून्यावरून हलेना, म्हणजे रांग आपल्या राउटरवर न लागता पुढे मोडेममध्ये लागत होती. ते सुधारले, तर ‘डायरेक्ट पॅकेट्स’चा आकडा वाढताना दिसला. एचटीबी मी पीपीपी-शून्य या पीपीपीओई जोडणीच्या आभासी कार्डाऐवजी इथरनेट कार्डावर बसवली होती. तेथे पॅकेट पीपीपीओईच्या वेष्टनात असल्याने आयपीचे फिल्टर त्याला ओळखत नव्हते, आणि डिफॉल्ट वर्ग (उरलेल्या वाहतुकीसाठीचा वाटा) नेमलेला नसला की न ओळखलेली पॅकेट्स एचटीबी मर्यादेबाहेरून तशीच सोडून देते. शिवाय प्रत्येक वर्गाखाली विलंब आवरणारे एफक्यू-कोडेल आपणच जोडायचे. ते विसरल्यास त्या वर्गात साधी फिफो (आधी आलेले आधी सोडणारी) रांग राहते आणि विलंब जागच्या जागी.

लिनक्स ४.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून, कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) असलेल्या केकमध्ये मर्यादा घालणारा शेपर, रांगांची वाटणी आणि विलंबावरचे नियंत्रण एकत्रच येते. त्यामुळे चुकण्याच्या जागा मोजक्या उरतात. बँडविड्थ लिहायची राहिली, तर केक मर्यादा घालतच नाही. ‘नॅट’ (राउटरने केलेली पत्त्यांची अदलाबदल लक्षात घे, असे सांगणारा) हा शब्द राहिला, तर बाहेरच्या बाजूने बाराही संगणक एकच पत्ता म्हणून दिसतात आणि संगणकागणिक समान वाटणी होत नाही. केकच्या आकडेवारीत वाहतुकीच्या प्रत्येक गटाचा सरासरी आणि कमाल विलंब थेट छापलेला असतो, ही सोय दुरुस्तीच्या वेळी मला सर्वांत मोलाची वाटते. प्रोसेसरवर मात्र केकचा भार अधिक पडतो.

एखाद्या सर्व्हरला ठरावीक १० मेगाबिट राखूनच ठेवायचे असतील, तर या दोघांत एचटीबीला पर्याय नाही आणि तिची कटकट सोसावी. तशी गरज नसताना केवळ सवयीने तिचे वर्ग रचत बसणे मला पटत नाही. दादरच्या कार्यालयात मी केकच ठेवला.

डाउनलोडच्या बाबतीत मात्र डावे-उजवे करता येत नाही. येणारी वाहतूक आयएफबी या आभासी कार्डाकडे वळवून तेथेच मर्यादा घालणे सहसा दोन्हींना लागते, आणि ती मर्यादा प्रत्यक्ष वेगाहून थोडी खालीच ठेवावी लागते. पावसाळ्यात लाइन तुटून पुन्हा जोडली गेली, की पीपीपी-शून्य नव्याने तयार होते आणि त्यावरची मांडणी पुसली जाते. म्हणून टीसीच्या ओळी जोडणी होताच आपोआप चालणाऱ्या पीपीपीच्या आयपी-अप स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवाव्यात, मग निवड कोणतीही असो.