क्लोन जर्नलने ८०५ डॉलरला गंडवलं

लिहायची लाज वाटतेय, तरी लिहिते. टॉक्सिकॉलॉजीत सोळा वर्षं काढून मी एका क्लोन जर्नलला पैसे भरले. प्रोसेसिंग फी ६५०, 'फास्ट ट्रॅक'चे १२०, बँकेचं कमिशन ३५. एकूण ८०५ डॉलर, स्वतःच्या खिशातून.

मला मूर्ख ठरवण्याआधी एवढं ऐका. मूळ जर्नल खरं आहे, जुनं आहे, मी त्यातले पेपर वाचत आलेय. भामट्यांनी नाव, आयएसएसएन (जर्नलचा ओळखक्रमांक), मुखपृष्ठ, संपादक मंडळाचे फोटो, सगळं उचलून दुसरी वेबसाइट थाटली होती आणि शोधल्यावर तीच आधी यायची. त्यात पेपर दोन ठिकाणांहून परत आलेला, प्रमोशनच्या फॉर्मला तीन आठवडे उरलेले, आणि सोबत नाव असलेल्या माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीचा प्रबंध याच पेपरवाचून अडलेला. अशा घाईत वेबसाइटचा पत्ता कोण अक्षर न् अक्षर तपासतं? (तपासा. तेवढं तरी तपासाच.)

जीव जळतो तो दुसऱ्याच गोष्टीवरून. आम्ही अकरा नवी संयुगं बनवून हेप-जी२ पेशींवर त्यांची टॉक्सिसिटी मोजली होती. प्लेटमधल्या यकृताच्या पेशी, बाकी काही नाही. चौथ्या दिवशी रिव्ह्यू, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांचा अभिप्राय, आला. दुसऱ्या रिव्ह्यूअरची सूचना : 'रुग्णांची संख्या व संमती स्पष्ट करावी.' रुग्ण! मी मोठ्याने हसले आणि 'लागू नाही' असं टाइप करून मोकळी झाले. विद्यार्थिनीने विचारलंसुद्धा, "मॅडम, यांनी पेपर वाचलाय ना?" मी म्हटलं, असतात गं असे रिव्ह्यूअर. संयुगांच्या शुद्धतेचा एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) पुरावा कुणी मागितला नाही, पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेलं परिणाम माहीत असलेलं संयुग, कुठला ते विचारलं नाही. औषधी रसायनाचं कुठलं धड जर्नल हे सोडतं?

आणि हे कुणाला कळलं नाही? मला! २०१३ मध्ये 'सायन्स' या जर्नलसाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी दगडफुलातला रेणू कॅन्सरच्या पेशी रोखतो असा बनावट पेपर ३०४ जर्नलांना पाठवला आणि १५७ जणांनी तो स्वीकारला, हा किस्सा मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगते.

पैसे भरल्यावर प्रूफ न दाखवताच पेपर चढवला. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, डीओआय डॉट ऑर्गवर टाकला, तर तो अस्तित्वातच नाही. (ही तपासणी त्या जर्नलच्या जुन्या पेपरवर आधी करा, पैसे भरायच्या आधी.) डोमेनची नोंदणी काढली, तर अवघी अकरा महिन्यांची. शिवाय फाइल बदलताना फाँट गेला आणि तक्त्यातल्या प्रत्येक 'म्यू'चा (मायक्रोची खूण) 'एम' (मिलिची खूण) झाला. आमच्या सगळ्यात जहाल संयुगाचा आयसी-५० (परिणाम निम्म्यावर आणायला लागणारं प्रमाण; जितकं कमी, तितकं संयुग जहाल) होता ४.२ मायक्रोमोलर, छापला ४.२ मिलिमोलर. हजारपट फरक, वर माझं नाव. काढून टाका म्हटलं, तर 'विथड्रॉवल फी' ४०० डॉलर. ती मी दिली नाही, तुम्हीही देऊ नका. कॉपीराइट फॉर्मवर मात्र सही करून बसलेय, त्यामुळे पेपर दुसरीकडे पाठवायचा तर आधी ही सगळी रामकहाणी संपादकांना सांगायची.

तक्रारीचं काय? बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. सायबर शाखेतल्या साहेबांनी पेपर स्क्रीनवर पाहिला आणि म्हणाले, "छापून तर आलाय की! मग फसवणूक कसली?" त्यांना पीअर रिव्ह्यू समजावण्यात दीड तास गेला, शेवटी नोंद झाली 'सेवेबाबत असमाधान'. मूळ प्रकाशकाचं उत्तर दोन ओळींचं : आम्हाला या साइटची कल्पना आहे. कल्पना आहे, तर स्वतःच्या मुखपृष्ठावर ठळक लिहायला काय झालं होतं? आणि आमच्या संशोधन विभागाने कळस केला. मदत मागायला गेले, तर बनावट जर्नलमध्ये लेख का छापलात याचा लेखी खुलासा सात दिवसांत द्या म्हणून मलाच पत्र. चोर सोडून संन्याशाला फाशी! दोन खुलासे दिलेत, तिसरा मागितलाय.

मंगळवारी विद्यार्थिनीने एक लिंक पाठवली. आमच्या पेपरला पहिलं सायटेशन मिळालंय, म्हणजे दुसऱ्या पेपरात त्याचा संदर्भ आलाय. कुणीतरी त्या संयुगाला 'यकृताच्या पेशींना जवळपास निर्धोक' म्हटलंय आणि कंसात आकडा दिलाय, ४.२ मिलिमोलर.