काचेच्या चुऱ्याचे गट्टू: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

नागपुरातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये काच घातलेले ६० मिलिमीटर जाडीचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवले आहेत. मेमध्ये ४५ अंशांत तापले, मग पावसाळाभर भिजले. मधला भाग ठणठणीत आहे. कडेचा शोभेचा पट्टा मात्र नळाजवळ खराब झाला.

मधल्या गट्टूंमध्ये रेतीच्या सुमारे २० टक्के जागी १ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेला काचेचा चुरा आहे आणि सिमेंटच्या चौथाई वजनाइतकं सिमेंट काढून त्या जागी फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख आहे. राखेची इथे वानवा नाही, कोराडी-खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रं शेजारीच. कडेच्या गट्टूंत वरच्या थरात ४-५ मिलिमीटरचे हिरवे तुकडे आहेत, चमकायला. राख नाही.

बिघडलं तिथे नीट पाहिलं तर नखाएवढा गोल पापुद्रा उडालेला असतो, खड्ड्याच्या तळाशी काचेचा तुकडा आणि भोवती पांढरट चिकट कडं. काचेत सत्तर टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, पण स्फटिक नसलेली. सिमेंटमधला अल्कली तिला गाठतो, जेल बनतं, ते पाणी पिऊन फुगतं. म्हणूनच रोज गाड्या धुतात तिथे आधी दिसलं, कोरड्या टोकाला नाही. दाणा मोठा असेल तर त्याच्या आतल्या बारीक चिरांत जेल कोंडतं. ७५ मायक्रॉनखालची पूड उलट सिमेंटमधल्या चुन्याशी जुळून ताकद वाढवते. नुसती पांढरी पावडर दिसली तर घाबरू नका, ते क्षार आहेत, ब्रशने निघतात.

माल घेताना रंग पाहू नका, दाणा आणि राख विचारा. बाटल्या धुतल्या होत्या का, हेही विचारा: शीतपेयाची साखर राहिली तर सिमेंट उशिरा आवळतं आणि अॅल्युमिनियमच्या झाकणाचे तुकडे आले तर हायड्रोजन सुटून गट्टूवर फुगे येतात. ट्यूबलाइट आणि जुन्या टीव्हीची काच नकोच, एकीत पारा, दुसरीत शिसं. ताकदीचा रिपोर्ट २८ दिवसांचा मागा. राखेचा माल सुरुवातीला हळू कडक होतो, घाईने आणला तर उतरवतानाच कोपरे जातात.

घरी एक चाचणी होते. २०० गुणिले १०० गुणिले ६० मिलिमीटरचा गट्टू साधारण पावणेतीन किलोचा. चांगला वाळवून तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. गट्टूंसाठीच्या आयएस १५६५८ या भारतीय मानकाप्रमाणे सरासरी शोषण ६ टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे १६५ ग्रॅमच्या आत. अचूक निकाल लॅबचाच, पण घरच्या काट्यावर पाव किलो वाढलं तर गाडी परत पाठवा.

गट्टू खचण्याचा दोष मात्र काचेवर ढकलू नका. काळ्या मातीवर थेट दगडाची चुरी टाकली की पहिल्या पावसात खड्डा पडणारच. माती काढून मुरूम थराथराने दाबा, वर ३०-४० मिलिमीटर रेती, कडेला आधाराचे कर्ब दगड. सांध्यांत कोरडी बारीक रेती भरून प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून दाबणारं यंत्र) फिरवा. पावसाळ्यानंतर सांधे पुन्हा भरावे लागतात.

मोठ्या तुकड्यांचे गट्टू काढून तिथे साधे बसवले तरी पुरे. चाकांनी वरचं सिमेंट झिजलं की त्या तुकड्यांची धार वर येते आणि पार्किंगमध्ये मुलं अनवाणी खेळतात. बारीक चुऱ्याचा हा त्रास अजिबात नाही.