हॅल हिग्डनचा बारा आठवड्यांचा तक्ता वावरात कितपत चालतो?

पहिल्या हाफ मॅरेथॉनच्या, म्हणजे 21.0975 किलोमीटरच्या तयारीसाठी फुकट मिळणाऱ्या तक्त्यांत हॅल हिग्डन या अमेरिकी धावपटू-लेखकाचा ‘नोव्हिस 1’ (नवशिक्यांचा पहिला तक्ता) पुष्कळ हातांत फिरतो. त्याच्या संकेतस्थळावर तो उघडा आहे. अ‍ॅप लागत नाही, पैसे लागत नाहीत, पाठकोऱ्या कागदावर उतरवून भिंतीला चिकटवला की काम झाले. अकोला, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या खेड्यात राहून तो पाळायचा असेल तर मत सरळ आहे : यातले धावण्याचे आकडे जवळजवळ जसेच्या तसे घ्यावेत, आरामाचे मात्र घेऊ नयेत. ते खुर्चीवर बसून नोकरी करणाऱ्याच्या हिशेबाने मांडलेले आहेत. पाचपैकी साडेतीन.

तक्ता इंग्रजीत आणि मैलांत आहे, म्हणून आधी किलोमीटर करून घ्यावे लागतात. सोमवार आराम. मंगळवार आणि गुरुवार धाव, पहिल्या आठवड्यात 4.8 किलोमीटर, वाढत वाढत 8 पर्यंत. बुधवारी 3.2 ते 4.8 किलोमीटरची हलकी धाव किंवा दुसरा व्यायाम. गुरुवारच्या धावेला ताकदीचा व्यायाम जोडलेला. शुक्रवार आराम. शनिवारी सायकल, पोहणे किंवा चालणे, 30 मिनिटांपासून 60 पर्यंत. रविवारी लांब धाव : 6.4, 6.4, 8, 8, 9.7, मग पाच किलोमीटरची शर्यत, 11.3, 12.9, दहा किलोमीटरची शर्यत, 14.5, 16.1 आणि बाराव्या रविवारी हाफ. एकूण भार पहिल्या आठवड्यात साधारण 19 किलोमीटर, अकराव्यात 37. सुरू करण्याआधी आठवड्यातून तीन-चार वेळा पाच किलोमीटर धावता येत असावे, असे तो गृहीत धरतो. तेवढे जमत नसेल तर आधी दीड-दोन महिने चालणे-धावणे आलटून पालटून करा. तक्त्याच्या पहिल्या ओळीवर उडी मारू नका.

याची खरी किंमत कळते ती भरतीच्या मैदानावर. विदर्भातल्या बहुतेक गावांत पहाटे धावणारी पोरे पोलीस भरतीची. त्यांचे सगळे गणित 1600 मीटरचे : पुरुषांना पैकीच्या पैकी 20 गुण हवेत तर 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आत, म्हणजे किलोमीटरमागे 3 मिनिटे 14 सेकंद. हाच पोरगा हाफला उतरला की पहिले चार किलोमीटर तुफान पळतो, अकराव्याला पोटरी धरतो आणि पंधराव्यानंतर चालतो. हिग्डनच्या नवशिक्या तक्त्यात वेगाची मेहनतच नाही. सगळे धावणे बोलता बोलता करायचे. सोबत्याला ‘आज कापसाला काय भाव निघाला’ एवढे वाक्य न धापा टाकता विचारता आले पाहिजे. ते जमत नसेल तर वेग जास्त आहे, घड्याळ काहीही म्हणो. अडीच तासांत हाफ संपवायला किलोमीटरमागे 7 मिनिटे 6 सेकंद पुरतात, दोन तासांसाठी 5 मिनिटे 41 सेकंद. भरतीवाल्याला हे बैलगाडीसारखे वाटते आणि तिथेच तो फसतो. श्वासाची तयारी दोन-तीन आठवड्यांत दिसू लागते, हाडे आणि स्नायूबंध मात्र महिनोन्‌महिने घेतात. दम आहे म्हणून किलोमीटर वाढवले की नडगी दुखायला लागते, ती या तफावतीपायी.

आता आरामाचे. सोमवारी ‘रेस्ट’ लिहिलेले असते आणि त्याच सोमवारी सोयाबीनची सोंगणी असते. दिवसभर वाकून विळा चालवला की मांडीचा मागचा स्नायू आणि कंबर यांना तोच ताण बसतो, जो उद्याच्या धावेला मोकळा हवा होता. कापूस वेचणीचेही तसेच. फवारणीचा 16 लिटरचा पंप भरला की पाण्याचेच 16 किलो पाठीवर, तेही ढेकळांतून चालत. याला आराम म्हणता येत नाही, आणि शनिवारच्या ‘क्रॉस ट्रेनिंग’च्या खात्यातही अर्धाच जमा होतो, कारण यात दम वाढत नाही, अंग मात्र थकते. म्हणून दुरुस्ती अशी : शनिवारचा व्यायाम सरळ काढून टाका, वावरातले काम म्हणजेच तो. बुधवारची धाव वेचणी-सोंगणीच्या आठवड्यात सोडा. आरामाचा दिवस वारावर ठेवू नका. गावचा बाजार ज्या दिवशी भरतो आणि मजूर येत नाहीत, तो खरा आराम. मंगळवार, गुरुवार आणि रविवार या तीन धावा मात्र सोडायच्या नाहीत. मोडल्या तर पुढे ढकला, पण लागोपाठच्या दोन दिवसांत कोंबू नका. रविवारी लांब धाव आणि लगेच दिवसभर वेचणी हे जोडपे सगळ्यात वाईट.

ओलिताची पाळी रात्रीची असेल तर गणित आणखी बदलते. रात्री दोनला मोटर सुरू करून चारला झोपलेल्या माणसाने साडेपाचला धावू नये. त्या आठवड्यात धावा संध्याकाळी घ्या आणि पंधरा-वीस टक्के कमी करा. आणि फवारणी झाली त्या दिवशी धावू नका, दुसऱ्या दिवशीही डोके जड किंवा मळमळ असेल तर नाही. नुकत्याच फवारलेल्या पऱ्हाटीच्या कडेने तर अजिबात नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले होते. दमून खोल श्वास घेणारी छाती विष जास्त ओढते.

बारा आठवडे कुठून मोजायचे, हेही तक्ता सांगत नाही. तो कोणत्याही महिन्यात सुरू होतो. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत लांब धावेचा विषय सोडून द्यावा. उदाहरणार्थ मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून बारा आठवडे मागे गेले की ऑक्टोबरचा शेवट येतो. पण तेव्हा सोंगणी, चण्याची पेरणी आणि दिवाळी एकाच ताटात. म्हणून दसऱ्याच्या आसपास सुरुवात करून चौदा आठवडे धरा. दोन आठवडे अधिकचे : एक सणासुदीत बुडतो, दुसऱ्याचा उपयोग पुढे येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात अंग रुळायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर वेग आपोआप मंद पडेल, तो पडू द्या.

जागेबद्दल. जिल्हा परिषद शाळेचे मैदान सोयीचे, बायामुलींसाठी सुरक्षितही, पण तिथली फेरी पुष्कळदा 200 मीटरच्या आसपास असते. 4.8 किलोमीटर म्हणजे 24 फेऱ्या, आणि सगळ्या एकाच बाजूने मारल्या की आतल्या पायाचा घोटा-गुडघा कुरकुरतो. दर सहा फेऱ्यांनी दिशा बदला. गावातला सिमेंट रस्ता सर्वांत कडक, तो टाळा. मुरमाचा कालवारस्ता सर्वांत चांगला. पांधण पावसात बंद : काळी माती बुटाला अशी धरते की दोनशे मीटरमध्ये प्रत्येक पायाला ढेकळाचा दुसरा बूट चढतो, आणि जानेवारीनंतर तिच्यात पाय मुरगळेल एवढ्या भेगा. डांबरी रस्त्यावर उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असे धावावे; मात्र रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागते. रस्ता मोकळा असेल तेव्हा मधोमध या. कापसाने भरलेल्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असे नाही. चमकणारी पट्टी अंगावर हवी. अंतरासाठी महागडे घड्याळ लागत नाही. राज्य मार्गावरचे हिरव्या डोक्याचे किलोमीटरचे दगड पुरतात, आणि मोबाईलचा जीपीएस रेंज नसतानाही अंतर मोजतो. जंगलाला लागून असलेल्या गावांत, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीकडे, उजाडल्याशिवाय आणि एकट्याने निघू नये. डिसेंबरात उजाडायला साडेसहा होतात, त्या हिशेबाने वेळ ठेवा.

सहाव्या आणि नवव्या आठवड्यातल्या शर्यती गावात मिळत नाहीत. त्याची काळजी नको. कालव्यावर पाच आणि दहा किलोमीटर मोजून ठेवा आणि नेहमीपेक्षा जरा दमदार धावा. पहिला अर्धा दुसऱ्यापेक्षा संथ गेला पाहिजे, एवढीच परीक्षा.

तक्त्याची दुसरी कमकुवत बाजू म्हणजे 16.1 वरून थेट 21.1. त्यामागे तर्क आहे : शेवटच्या आठवड्यातला आराम, शर्यतीतली गर्दी आणि उत्साह उरलेले पाच किलोमीटर ओढून नेतात. निव्वळ पूर्ण करायचे असेल तर नेतातही. पण किलोमीटरमागे आठ मिनिटांनी धावणारा अठराव्या किलोमीटरला अडीच तासांच्या जवळ असतो आणि तेवढा वेळ तो आधी कधीच पायांवर राहिलेला नसतो. चौदा आठवड्यांतला अधिकचा दुसरा आठवडा इथे वापरा : शर्यतीच्या दोन रविवार आधी 17.5 ते 18 किलोमीटर, दर दोन किलोमीटरनंतर एक मिनिट चालत. त्यापेक्षा जास्त नको.

पाणी आणि खाणे यांवर तक्ता अगदीच आखडता. तास-सव्वा तासाच्या आत संपणाऱ्या धावेला पाण्याखेरीज काही लागत नाही. त्यापुढे तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्ट-साखर. इथे ओआरएसबद्दल गैरसमज फार. डब्ल्यूएचओच्या सूत्राची पुडी एक लिटरमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज देते. ती मीठ-पाणी भरून काढते, ताकद देत नाही. ताकदीसाठी मध्यम केळे, म्हणजे साधारण 25 ग्रॅम, किंवा गुळाचे सुपारीएवढे दोन-तीन खडे घोटभर पाण्यासोबत. संत्रा सोलून फोडी डब्यात नेल्या तर चालतात, पण चोथा थुंका. धावताना तो पोटात ढवळतो. तहान लागेल तसे प्या. भीतीपोटी नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि तेही जिवावर बेतते. आदल्या रात्री वरण-भात किंवा कमी तिखटाची खिचडी. सावजी रस्सा आणि सकाळी तर्रीपोहे हे धाव संपल्यावरचे बक्षीस. ज्वारीची भाकरी आदल्या दुपारपर्यंत ठीक, पहाटेच्या धावेआधी तिचा कोंडा त्रास देतो.

गुरुवारच्या ताकदीच्या व्यायामाचे तक्त्याच्या चौकटीत फक्त नाव आहे. ओट्याच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा वर-खाली, 15 च्या तीन फेऱ्या, खाली येताना सावकाश. उठाबशा 12 च्या तीन. पाठीवर निजून गुडघे दुमडून कंबर उचलणे 15 च्या दोन. वीस मिनिटांत होते. नडगीच्या आतल्या कडेला लांबभर ठणका असेल तर चार-पाच दिवस अंतर निम्मे करा. दुखणे एका बोटाएवढ्या जागी असेल, दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. धावणे थांबवून डॉक्टर गाठा.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल अमेरिकेतल्या तक्त्यात काही असण्याची अपेक्षाच नाही, पण पूर्व विदर्भात पहिल्या धावेआधी ही तपासणी हवीच. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट होते. एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे काम नाही. एएस असणाऱ्याला, म्हणजे नुसत्या वाहकाला, धावायला मनाई नसते, मात्र उन्हात, पाण्याविना, जीव तोडून धावणे त्याच्यासाठी इतरांपेक्षा धोक्याचे : स्नायू फुटून त्यांचे घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. मांड्यांत गोळे न येताच एकाएकी बळ गेल्यासारखे झाले, लघवी चहासारखी काळपट झाली, तर ताबडतोब दवाखाना. सोबतीने हिमोग्लोबिनही पाहून घ्या. बायांनी तर नक्कीच.

बुटाचे थोडक्यात. पूर्ण तक्त्यात तीनशेच्या आसपास किलोमीटर होतात, एक जोडी पुरते. भरतीवाले वापरतात ते पातळ तळाचे पांढरे कॅनव्हास 1600 मीटरला चालतात, आठवड्याला पंचवीस किलोमीटरला नाही. संध्याकाळी, पाय फुगलेले असताना घ्या. पुढे अंगठ्याएवढी रुंदी मोकळी. शर्यतीच्या किमान तीन आठवडे आधी.

शेवटच्या आठवड्यात 6.4, 4.8 आणि 3.2 किलोमीटर, मग शुक्रवार-शनिवार सलग आराम. हा शनिवारचा आराम गावाकडच्यांना मिळत नाही, कारण बिब, म्हणजे छातीवरचा शर्यतीचा क्रमांक, घ्यायला आदल्या दिवशी शहर गाठावे लागते : एसटीत उभे राहून तीन-चार तास, मग रांगेत दोन तास, मग नातेवाईकाच्या घरी जिना. यापेक्षा शुक्रवारीच निघा. ते जमत नसेल तर गुरुवारची 3.2 किलोमीटरची धाव सोडा. ती सोडल्याने काही बिघडत नाही. पिशवीत रोजचेच बूट, रोजचेच मोजे, काखेत-मांडीत लावायला व्हॅसलीन आणि गुळाची पुडी. आयोजक फुकट देतात तो नवा टी-शर्ट शर्यतीत घालायचा नाही, शिवणी घासतात.