ट्रॅकर: मोबाईलच्या व्हिडिओवरून प्रोजेक्टाइल मोशन शिकवायचं असेल तर

ट्रॅकर हे व्हिडिओ विश्लेषणाचं मोफत सॉफ्टवेअर. डग्लस ब्राउन यांनी ते ‘ओपन सोर्स फिजिक्स’ या प्रकल्पात तयार केलं. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतं. काम एवढंच: फेकलेल्या चेंडूचा व्हिडिओ उघडायचा, प्रत्येक फ्रेममध्ये चेंडूवर खूण करायची, की शेजारी आलेख आणि तक्ता आपोआप तयार होत जातो. अकरावीच्या प्रोजेक्टाइल मोशनसाठी, म्हणजे हवेत फेकलेल्या वस्तूच्या गतीसाठी, याहून चांगलं साधन या किमतीत, म्हणजे शून्य रुपयांत, मिळणार नाही. पण ते पहिल्यांदा उघडून थेट वर्गात वापरायला गेलात तर तास वाया जाईल, हेही आधीच सांगायला हवं.

मुलांना सूत्रं पाठ होतात. हातातून सुटलेल्या चेंडूचा आडवा वेग शेवटपर्यंत तोच राहतो आणि अगदी वरच्या टोकाला पोहोचल्यावरही त्वरण ९.८ च असतं, हे मात्र मनातून पटलेलं नसतं. ट्रॅकरमध्ये आडव्या वेगाचा आलेख सपाट आणि उभ्या वेगाचा एकसारखा उतरता दिसतो. उतरती रेघ शून्य ओलांडून खाली जाते, पण तिचा उतार तिथे बदलत नाही. वर्गातल्याच कुणीतरी फेकलेल्या चेंडूचा हा आलेख असल्यामुळे त्यावर वाद घालायला मुलांना जागा उरत नाही.

आता चित्रणाकडे. निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये त्या दुरुस्त होत नाहीत.

चेंडू सेकंदाला ५ मीटर वेगाने ६० अंशात फेकला तर तो साधारण २.२ मीटर लांब पडतो, ९५ सेंटिमीटर वर जातो आणि ०.८८ सेकंद हवेत राहतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत त्याच्या २६ खुणा मिळतात. एवढ्या पुरेशा आहेत. फोन स्टँडवर किंवा बाकावर पुस्तकांच्या आधाराने घट्ट ठेवा, हातात धरू नका. उड्डाणाच्या प्रतलापासून अंतर किमान ३ मीटर हवं, ४ असेल तर उत्तम. कॅमेरा काटकोनात आणि उड्डाणाच्या निम्म्या उंचीवर असावा. जमिनीवर खडूने रेघ मारून तिच्यावरूनच चेंडू फेकायला सांगा. चेंडू कॅमेऱ्याकडे तिरपा आला तर आडवा वेग वाढताना दिसतो आणि त्याचं कारण शोधण्यात वर्गाचा वेळ जातो.

प्रमाणासाठी मीटरपट्टी लागते आणि ती चेंडूच्या प्रतलातच, म्हणजे खडूच्या रेघेवर उभी हवी. सोयीचं म्हणून बहुतेक जण ती मागच्या भिंतीला टेकवतात. भिंत अर्धा मीटर मागे आणि कॅमेरा प्रतलापासून ३ मीटरवर असेल तर सगळी अंतरं १७ टक्क्यांनी जास्त मोजली जातात आणि ‘जी’ (गुरुत्वाचं त्वरण) ९.८ ऐवजी ११.४ येतो. आलेख तरीही देखणाच येतो, म्हणून ही चूक लक्षात येत नाही.

चौकटीत एक ओळंबा टांगलेला असावा. दोरीला नट बांधला तरी चालेल. फोन ३ अंशांनी कलला असेल तर गुरुत्वाचा एक घटक आडव्या अक्षावर उतरतो आणि आडव्या दिशेला सुमारे ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं खोटं त्वरण दिसतं. म्हणजे जी गोष्ट शिकवायची तीच आलेख खोडून काढतो. ट्रॅकरमधले अक्ष फिरवता येतात. उभा अक्ष ओळंब्याच्या दोरीवर आणून ठेवला की काम झालं.

उजेड भरपूर हवा. अंधुक खोलीत फोन शटर १/६० सेकंद उघडं ठेवतो, तेवढ्यात ५ मीटर वेगाचा चेंडू ८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो आणि चित्रात चेंडूऐवजी पट्टा दिसतो. शिवाय कमी उजेडात काही फोन फ्रेमचा वेग आपणहून उतरवतात, मग फ्रेममधलं अंतर सारखं राहत नाही. सकाळच्या उन्हात पटांगणावर हे दोन्ही त्रास संपतात. वर्गातच करायचं असेल तर स्लो मोशन टाळा: ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते आणि २४० फ्रेमच्या व्हिडिओत ती लुकलुक स्पष्ट उमटते.

चेंडूची निवडही महत्त्वाची. क्रिकेटचा लेदर बॉल सर्वांत चांगला: १६० ग्रॅमच्या आसपास वजन, त्यामुळे या वेगाला हवेचा रोध गुरुत्वाच्या दोन टक्क्यांच्या आत राहतो. टेनिस बॉलला तो चार-पाच टक्के होतो, तोही चालतो आणि पिवळा रंग पार्श्वभूमीवर उठून दिसतो. टेबल टेनिसचा चेंडू पहिल्या प्रयोगाला अजिबात नको. २.७ ग्रॅमच्या त्या चेंडूवर ५ मीटर वेगाला गुरुत्वाच्या जवळपास एक तृतीयांश रोध असतो. दुसऱ्या तासाला मात्र तोच आणा. आडव्या वेगाची सपाट रेघ तिथे उतरायला लागते आणि ‘हवेचा रोध नगण्य मानू’ हे वाक्य पुस्तकात का असतं ते मुलं स्वतःच सांगतात.

सॉफ्टवेअरमधला क्रम असा. व्हिडिओ उघडल्यावर आधी क्लिप सेटिंग्जमध्ये जा. चेंडू हातातून पूर्ण सुटल्यानंतरची फ्रेम ही सुरुवात आणि जमिनीला लागण्याआधीची फ्रेम हा शेवट. हातातली एक जरी फ्रेम आत राहिली तरी सुरुवातीचे वेग बिघडतात. तिथेच फ्रेम रेट तपासा. मग कॅलिब्रेशन स्टिक घेऊन मीटरपट्टीच्या दोन टोकांवर बसवा आणि लांबी १ लिहा. सेंटिमीटरच्या सवयीने १०० लिहिणारे दरवर्षी भेटतात, त्यांचा जी ९८० येतो. अक्षांचा आरंभबिंदू पहिल्या फ्रेममधल्या चेंडूवर ठेवा. शेवटी पॉइंट मास (ज्याचा माग काढायचा ती वस्तू) निवडून शिफ्ट दाबून चेंडूवर क्लिक करत जा, फ्रेम आपोआप पुढे सरकते. क्लिक नेहमी चेंडूच्या मध्यावर. पट्टा दिसत असेल तर पट्ट्याच्या मध्यावर, कधी पुढच्या आणि कधी मागच्या टोकावर नको.

वाय आणि वेळेच्या आलेखावर उजवं क्लिक करून ॲनालाइझ, मग कर्व्ह फिटमध्ये पॅराबोला. फिटच्या समीकरणात वर्गाच्या पदापुढे असतो तो ‘ए’. त्याचा आकडा उणे ४.९ च्या जवळ येतो आणि त्याची दुप्पट म्हणजे जी. दुप्पट करायला विसरणं ही ठरलेली चूक. दुसरी चूक जास्त खोल आहे. वाय-वेळ आलेख पॅराबोला आणि वाय-एक्स मार्गही पॅराबोला, म्हणून मुलं दोन्ही एकच समजतात. चेंडू सरळ वर फेकला तरी वाय-वेळ आलेख पॅराबोलाच येतो, मार्ग मात्र उभी रेघ असतो. वाय-एक्सवर फिट केलं तर एमध्ये आडव्या वेगाचा वर्गही मिसळलेला असतो: आडवा वेग २.५ असेल तर ए उणे ०.७८ येतो. दोन्ही फिट शेजारी ठेवून एका आकड्यावरून दुसरा काढायला लावा. या प्रकरणातला सर्वांत चांगला गृहपाठ हाच.

आलेला जी पाहून चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा ओळखता येतं. ०.१५ आला तर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ सॉफ्टवेअरने ३० फ्रेमचा समजून वाचलाय. वेळ आठपट, म्हणून जी चौसष्टपट कमी. ०.६१ आला तर तोच प्रकार १२० फ्रेमचा. ११ च्या वर गेला तर पट्टी प्रतलाच्या मागे होती, ८-९ मध्ये अडकला तर पुढे. नीट केलेल्या प्रयोगात उत्तर ९.५ ते १०.१ मध्ये बसतं. महाराष्ट्रात खरा आकडा ९.७८ च्या आसपास आहे, पण दुसऱ्या दशांशासाठी इथे झटू नका.

स्लो मोशनबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे: जास्त फ्रेम म्हणजे जास्त अचूक. वेगासाठी ट्रॅकर मागच्या-पुढच्या फ्रेममधलं अंतर घेतो आणि त्वरणासाठी पाच फ्रेम. दोन फ्रेममधला काळ कमी झाला की क्लिक करतानाची चूक कित्येक पटींनी फुगते. प्रत्येक खूण २ मिलिमीटर इकडेतिकडे झाली असं धरा. ३० फ्रेमला त्वरणाच्या रकान्यात साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा गोंधळ येतो. २४० फ्रेमला तोच ६० च्या घरात जातो. मुलं तक्त्यात उणे ४५, अधिक ३८ असे आकडे बघतात आणि प्रयोग फसला म्हणतात. उपाय सोपा: क्लिप सेटिंग्जमध्ये स्टेप साइज ८ ठेवा, म्हणजे दर आठवी फ्रेमच घेतली जाते, आणि त्वरणाचा रकाना मुलांना दाखवूच नका. त्वरण नेहमी उभ्या वेगाच्या रेघेच्या उतारावरून काढायला लावा.

ऑटोट्रॅकर या सोयीची जाहिरात जास्त आहे. कंट्रोल आणि शिफ्ट धरून चेंडूवर क्लिक केलं की तो पुढच्या फ्रेममध्ये चेंडू स्वतः शोधतो. एकरंगी भिंतीपुढे ठळक चेंडू असेल तर छान चालतो. मागे झाडं, खिडकीचे गज किंवा चौकटीचे शर्ट असले की दर चार फ्रेमला अडतो किंवा भलतीकडेच चिकटतो. पंचवीस खुणांसाठी हाताने क्लिक करणंच लवकर होतं, आणि मुलांनाही प्रत्येक फ्रेमला चेंडू किती सरकला ते हाताखालून जाणवतं. आडव्या सरकण्यातली समानता काहींना आलेखाआधी तिथेच कळते.

फारसं कुणी न वापरणारी, पण शिक्षकाच्या खऱ्या कामाची गोष्ट म्हणजे मॉडेल. डायनॅमिक पार्टिकल मॉडेलमध्ये सुरुवातीचे वेग आणि बलं लिहिली की सॉफ्टवेअर त्याचा मार्ग व्हिडिओवरच काढून दाखवतं. ‘हाताचं बल काही काळ चेंडूबरोबर जातं’ असं म्हणणाऱ्याला त्याचं बल एफएक्सच्या, म्हणजे आडव्या बलाच्या, रकान्यात लिहू द्या. मॉडेलचा ठिपका चेंडूला सोडून पुढे पळतो. एफएक्स शून्य केलं की दोघे एकावर एक येतात.

पर्याय दोन आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातलं प्रोजेक्टाइल मोशन सिम्युलेशन उघडायला दोन मिनिटं लागतात. फाइल उतरवून घेतली तर इंटरनेटशिवायही चालते, आणि कोन बदलून पल्ल्याची तुलना करायला ते ट्रॅकरहून सरस आहे. पण तिथे चेंडू सूत्रानेच उडतो, त्यामुळे सूत्र खरं आहे का हा प्रश्न विचारता येत नाही. प्रयोगशाळेतली स्प्रिंगची बंदूक आणि कार्बन पेपर हा जुना मार्ग पल्ल्यासाठी ठीक, मधल्या प्रवासाबद्दल तो गप्प. शिवाय बंदूक १ मीटर उंच टेबलावर ठेवून ‘४५ अंशाला पल्ला सर्वांत जास्त’ हे तपासायला घेतात आणि उत्तर जुळत नाही. सुटण्याची आणि पडण्याची पातळी वेगळी असेल तर तो कोन ४५ राहतच नाही. ४ मीटर वेगाला तो ३४ अंशांच्या आसपास येतो आणि पल्ला ४५ अंशापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर जास्त पडतो.

तक्रारी. मेनू गर्दीचे आहेत, आणि बटणांची नावं तीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामची वाटतात. आयफोनचा हाय एफिशियन्सी व्हिडिओ बहुधा उघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये मोस्ट कम्पॅटिबल निवडा आणि १२० फ्रेमच्या वर जाऊ नका. फोनमधला व्हिडिओ लॅपटॉपवर नेताना व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवू नका, तो दाबला जातो. केबल लावा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती आहे, पण मोठ्या व्हिडिओला ती फार हळू चालते, तेव्हा संगणक कक्षात आधी इन्स्टॉल करून घेणं बरं. फोनवर हे काम होत नाही, दोन-तीन मुलांमागे एक संगणक लागतोच. तो नसेल तर एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर लावून खुणा मुलांकडून आळीपाळीने करून घ्या.

काम जतन करताना टीआरझेड हा फाइलचा प्रकार निवडा, त्यात व्हिडिओही बांधला जातो. टीआरके फाइलमध्ये व्हिडिओचा फक्त पत्ता असतो. पेन ड्राइव्हवर ती एकटीच घरी नेलेल्या मुलाच्या संगणकावर खुणा उघडतात, चेंडू नसतो.